चार मिनिटं चाळीस सेकंद

माझ्या धाकट्या भावाची बायको त्या यंत्रावर चार मिनिटं आणि चाळीस सेकंद चालली. मी स्वतः मनगटी घड्याळात पाहून हा आकडा वहीत लिहिला आहे, त्यामुळे त्यात चूक नाही. चूक बाकीच्या सगळ्यात आहे.

मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशा काढायचा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, असं काम. नोकरीमुळे आम्ही परभणीत भाड्याच्या घरात राहायचो. शेती झरीला, ती धाकटा बघायचा. वडील गेल्यावर घरातले कागद, दवाखाने, कोर्ट, मुलांचे दाखले माझ्याकडे आले आणि माती, जनावरं, मजूर त्याच्याकडे गेले. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. जिथं इंग्रजी किंवा सही लागेल तिथं दादा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

धाकट्याच्या बायकोला आमच्या घरात धाकली म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा अठराची होती. मी सांगतोय त्या वर्षी चाळिशीची. म्हणजे बावीस वर्षं एका कुटुंबात. या बावीस वर्षांत ती माझ्याशी एक वाक्यही बोलली नव्हती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भायाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. तो समोर आला की पदर पुढे ओढते आणि बाजूला होते. मलाही तिच्याशी थेट बोलता यायचं नाही. तहान लागली तर 'पाणी पाहिजे होतं' असं मी भिंतीकडे बघून म्हणायचो आणि कुणाच्या तरी हाती पाणी यायचं. तिचा पूर्ण चेहरा मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब केला, तर लग्नातला धरून तीन किंवा चार वेळा. यात कुणाला वावगं वाटायचं नाही. आम्ही त्याला मान म्हणायचो.

त्या वर्षी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एका रविवारी झरीहून परत आल्यावर माझ्या बायकोने विषय काढला.

"धाकलीच्या छातीत आवळायलंय म्हणती. कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ओढ्याची चढण चढली की हितून धरतं, ते जबड्यापर्यंत येतं. खाली टेकली की दोन-चार मिनटांत जातं."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"पोळा होऊन सहा महिने झाले. आता सांगतेस?"

"मला आज सांगितलं तिनं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणला, गॅस असंल, ओवा खा. लय ओवा खाल्ला बिचारीनं."

परभणीत मी तिला एका डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे धाकट्याने नेलं, मी पुढे चाललो. डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून हृदयाचा आलेख काढला. तो अगदी सरळ निघाला. मला बरं वाटलं, पण डॉक्टरांना वाटलं नाही. ते धाकट्याला म्हणाले, "तुमच्या विहिरीवर मोटार आहे ना? ती बंद असताना नुसती बघून कळतं का, लोड घेते की नाही ते? सुरू करून पाणी उपसायला लावलं की कळतं. यांना दुखतं चढण चढताना, आणि आपण तपासलं झोपवून. औरंगाबादला चालायचं यंत्र आहे. हळूहळू वेग आणि चढ वाढवतात, आणि चालता चालता आलेख काढतात. ती तपासणी करून आणा." धाकट्याला मोटारीचं लगेच पटलं. मलाही पटलं. सोप्या शब्दांत इतकं नीट समजावलेलं मी पुढे कधी ऐकलं नाही, म्हणून माझी सबब आणखी लहान होते.

जायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "मी येते संगं. बाईमाणसाचं काम हाय."

"तू येऊन काय करणार? तिथं सगळं इंग्रजी."

"मला इंग्रजी न्हाई येत. पण तिला काय व्हायलंय ते कळतं."

मी म्हणालो, तिघं पुरे. तिघंच गेलो.

औरंगाबादच्या त्या खासगी दवाखान्यात सकाळी साडेदहाला आमचा नंबर लागला. एका नर्सने धाकलीला पडद्याआड नेऊन छातीवर वायरी चिकटवल्या आणि वरून दवाखान्याचा ढगळ सदरा घातला. यंत्र चालवणारा पोरगेला माणूस दारात येऊन म्हणाला, "घरचं कुणीतरी एक जण आत थांबा." धाकटा उठला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू थांब. मी जातो. तुला ते आकडे कळणार नाहीत."

"हा दादा, तुमीच जावा," तो म्हणाला. "मला त्या वायरी बघूनच गरगरायलंय."

आत जाऊन मी त्या माणसाला आधी सगळं विचारून घेतलं. त्यालाही असा विचारणारा नातेवाईक क्वचितच भेटत असावा, कारण त्याने खुशीत सांगितलं. दोनशे वीसमधून वय वजा करायचं. चाळीस गेले, उरले एकशे ऐंशी. त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत नाडी पोचली पाहिजे, म्हणजे एकशे त्रेपन्न ठोके. तेवढं हृदय पळवलं तरच तपासणी धरायची. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि पट्ट्याचा चढही. मी वहीत चार रकाने आखले: वेळ, वेग, नाडी, रक्तदाब. नाडीचा आकडा ज्या पडद्यावर उमटायचा तो यंत्राच्या बरोबर समोर होता. म्हणून मी तिथे, तिच्या तोंडासमोर, पाच-सहा फुटांवर उभा राहिलो.

धाकली पडद्याआडून आली. समोर मी दिसलो. तिने सदऱ्यावरून, वायरींवरून पदर घेतला, डोक्यावरून पुढे ओढला आणि पट्ट्यावर चढली. यंत्र सुरू झालं. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पदर.

"बाई, दोन्ही हातांनी दांडी धरा," यंत्रवाला म्हणाला.

तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि दुसरा हात दांडीला लावला.

"पाऊल लांब टाका. माघारी जायलात तुमी. मान वर करा, समोर बघा."

पाऊल लांब झालं नाही, मान वर झाली नाही. ही बाई डोक्यावर वीस पेंढ्या घेऊन चढण चढायची. त्या दिवशी ती देवळातल्या फरशीवर चालावं तशी चालत होती. मी पाहत होतो, पण पाहत होतो तो पडदा. बसलेली असताना चौऱ्याऐंशी. तिसऱ्या मिनिटाला एकशे दोन. चढ वाढला. चौथ्या मिनिटाला एकशे पंधरा. दातांतला पदर आत-बाहेर होत होता.

"छातीत काही होतंय का?" यंत्रवाल्याने विचारलं. "दुखणं, आवळणं?"

पदराखालचं डोकं किंचित माझ्या दिशेने वर झालं आणि परत खाली गेलं.

"बाई, छातीत दुखतंय का? सांगा, घाबरू नका."

तिने दातांतला पदर सोडला आणि दांडीला सांगावं तसं म्हणाली, "पोटऱ्या भरून आल्यात. थांबवा."

त्याने थांबवलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. नाडी एकशे एकवीस. मी लिहून घेतलं.

अहवाल दुपारी मिळाला. टाइप केलेलं एक पान. वरच्या भागात सगळे आकडे, माझ्या वहीशी तंतोतंत जुळणारे. त्याखाली: छातीत दुखणं नाही, थांबवण्याचं कारण पायांचा थकवा. शेवटी दोन वाक्यं. पहिल्यात लिहिलं होतं की नाडीच्या गाठलेल्या गतीपर्यंत आलेखात बदल दिसला नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की अपेक्षित गती गाठली न गेल्यामुळे या तपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. तक्रार राहिल्यास मोठ्या शहरात चालण्यासोबत हृदयाची छायाचित्रं घेण्याची तपासणी करावी. दवाखान्याने जे लिहायला हवं ते सगळं लिहिलं होतं, हे मला इथं स्पष्ट करायचं आहे.

मी दोन्ही वाक्यं वाचली. मग बसस्टँडवर बसून भागाकार केला. एकशे एकवीस भागिले एकशे त्रेपन्न, एकोणऐंशी टक्के. शंभरपैकी एकोणऐंशी. शाळेत एकोणऐंशी मिळवलेल्या मुलाला कुणी नापास म्हणत नाही. धाकट्याला मी पहिलं वाक्य मराठीत करून सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. लपवायचं असं काही मनात नव्हतं. उगाच त्याच्या डोक्याला ताप कशाला, असं वाटलं. जोखमीची वाक्यं माझ्याजवळ ठेवायची मला सवय होती.

"म्हंजे बरं हाय ना दादा?" त्याने विचारलं.

"आलेखात काही नाही," मी म्हणालो. तो उठून भज्यांच्या गाड्याकडे गेला आणि तिघांना पुरतील एवढी भजी घेऊन आला. धाकलीने तिचा कागद घेऊन आमच्याकडे पाठ केली आणि खाल्ली.

माझ्या कामाबद्दल इथं सांगणं भाग आहे. मोजणीला गेल्यावर एखाद्या शेताचा एक जरी कोपरा दाखवायला कुणी आलं नाही, किंवा एका बाजूला पीक उभं असल्यामुळे साखळी टाकता आली नाही, तर मी 'मोजणी अपूर्ण' असा शेरा मारून परत यायचो. लोक विनवण्या करायचे. साहेब, तीन बाजू झाल्यात की, चौथी अंदाजानं घ्या. मी घ्यायचो नाही. पोखर्णीच्या एका शेतकऱ्याने तर मला भर रस्त्यात सुनावलं होतं, 'चार कोपऱ्यांतले तीन दावले तरी तुमचा आकडा भरंना व्हय?' नोकरीत एकही अपूर्ण मोजणी मी पूर्ण म्हणून दाखवली नाही. तालुक्यात माझी ख्याती त्याचीच होती. आणि घरी, माणसाच्या बाबतीत, मी चौथा कोपरा अंदाजाने घेतला.

परभणीच्या डॉक्टरांना अहवाल दाखवायला गेलो तर ते त्या आठवड्यात बाहेरगावी होते. पुन्हा गेलो नाही. कागद फायलीत लावला.

आठ-दहा दिवसांनी बायको झरीला राहून आली. आल्या आल्या म्हणाली, "धाकली म्हणती, तिथं तिच्या छातीत बी दुखत होतं."

मी फाईल काढली. तो कागद तिच्यासमोर धरला आणि बोटाने ओळ दाखवली. "इथं लिहिलंय. छातीत दुखणं नाही. थांबवण्याचं कारण, पायांचा थकवा. तिनं स्वतः सांगितलं, मी समोर उभा होतो."

बायकोने कागदाकडे पाहिलं नाही. "यंत्रावर कागद चालला का ती चालली?" एवढं म्हणून ती चुलीकडे गेली. नंतर तिने तो विषय माझ्याकडे काढला नाही. धाकलीला मात्र पेंढ्या उचलू नको म्हणून ती दर खेपेला सांगायची, आणि पेंढ्या उचलायला दुसरं कुणी नसायचं.

साडेनऊ महिने गेले. संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय नुकताच झाला होता आणि सगळीकडे बंद होता. एसटी उभ्या होत्या. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. सकाळी अकराच्या सुमाराला धाकली ओटीतला कापूस गाठोड्यावर रिकामा करायला वाकली आणि तिथेच बसली. घाम इतका की चोळी पिळावी. या वेळी छातीतलं दुखणं दोन-चार मिनिटांत थांबलं नाही. तासाभराने धाकटा गाडी शोधायला गावात धावला. ती परभणीच्या दवाखान्यात पोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते. हृदयविकाराचा झटका होता. सोळा दिवस ती तिथे राहिली आणि वाचली.

पुढचं वर्षभर मला भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, इतका उशीर कसा झाला? मी सांगायचो, एसटी बंद होत्या हो. ऐकणारा मान हलवायचा. आमच्या लोकांत त्या दिवसांत कशाचंही खापर नामांतरावर फोडलं तर कुणी पुढे विचारत नसे, आणि बोलणं भलत्याच दिशेला जाऊन माझी सुटका व्हायची. आता हिशेब मांडतो. एसटी तीन दिवस बंद होत्या. माझ्याजवळ साडेनऊ महिने होते. शिवाय आणखी एक गोष्ट मी सांगताना वगळायचो. ज्या टेम्पोतून तिला परभणीला नेलं तो गावच्या बौद्ध वस्तीतल्या एका माणसाचा होता. त्या दिवशी रस्त्यावर निघणं त्याच्यासाठी धोक्याचं होतं. धाकट्याने दार वाजवलं, आणि त्याने चपला घातल्या आणि टेम्पो काढला. आमच्या घरातून त्याच्या दारी त्याआधी कुणी कधी गेलं नव्हतं.

परभणीच्या डॉक्टरांनी मार्चात औरंगाबादचा अहवाल मागून घेतला. खालचं दुसरं वाक्य त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. मग हैदराबादच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. ज्या तपासणीचा उल्लेख त्या वाक्यात होता, तीच आता करायची होती.

या खेपेला चौघं गेलो. बायकोने मला विचारलंच नाही, पिशवी भरून दारात उभी राहिली. जायच्या आधी दोन दिवस गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या, त्या मी मोजून बाजूला ठेवल्या होत्या. एवढ्या कामांत मी अजून बिनचूक होतो.

तपासणी कशी असते ते तिथल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून मी समजून घेतलं. रोगी यंत्रावर चालतो. अगदी शेवटच्या मिनिटाला, हृदय पूर्ण कामाला लागलेलं असताना, हाताच्या शिरेतून एक औषध सोडतात. रक्त जिथं पोचतं तिथं ते पोचतं, आणि कॅमेऱ्याला दिसतं. लगेच एकदा हृदयाची छायाचित्रं काढतात, आणि चार तास विश्रांती देऊन पुन्हा एकदा. जो भाग पहिल्या चित्रात काळा आणि दुसऱ्यात भरून आलेला, तिथं रक्त कमी पडतंय पण तो जिवंत आहे. जो दोन्ही चित्रांत काळा, तो मेलेला. एकट्या आलेखापेक्षा ही तपासणी पुष्कळ जास्त सांगते. पण तिलाही माणूस जिवाच्या करारावर चालावाच लागतो, आणि दुखलं तर दुखलं म्हणावं लागतं.

नर्स बाहेर येऊन म्हणाली, पेशंटबरोबर बाईच पाहिजे. बायको आत गेली. मी बाकावर बसलो. वही सवयीने आणली होती. ती पिशवीतच राहिली.

यंत्र चालवणारा म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. तो बाहेर आल्यावर मी विचारलं, किती वेळ चालल्या?

"छे मिनट दस सेकंड. अम्मा तो बढिया चले, साब. सीने में दर्द हुआ तो खुद बोले, अब हो रहा बोलके. वैसा पेशंट होना."

तो गेला.  औरंगाबादला जाताना हृदय धड होतं, तेव्हा चार मिनिटं चाळीस सेकंद. आता त्याचा एक भाग गेला होता, तेव्हा सहा मिनिटं दहा सेकंद. नव्वद सेकंद जास्त. मी आयुष्यभर आकडे जुळवले आहेत. आजारी हृदय निरोगीपेक्षा जास्त चालतं, असा आकडा कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. दोन्ही वेळी बाई तीच, यंत्र जवळपास तसंच. वेगळं काय होतं ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. तरी मी बायकोची वाट पाहिली, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला कधी काही खरं वाटत नाही.

पहिली चित्रं झाल्यावर धाकटा धाकलीला घेऊन खाली चहाला गेला. बायको बाकावर माझ्याशेजारी बसली.

"जास्त चालली ती," मी म्हणालो.

"हं."

"मागच्या वेळेपेक्षा जास्त."

"तुमी आत न्हवता म्हणून." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला तिनं. मी म्हणलं, कोण हाय हितं आपल्याला बघायला. तोंड उघडं टाकून श्वास घेतला, मग चालली. तिथं पदर दातांत धरला होता म्हणं. श्वास काय कानातून घ्यायचा?"

"दुखत होतं तर सांगायचं होतं. तो दोनदा विचारत होता. मी ऐकलं."

"तुमी ऐकलं, तेच की. भायासमोर बाई छाती म्हणंल का? वायरी चिकटवलेली छाती, आणि तुमी समोर वही घेऊन उभे. तिला दोन मिनटांतच दुखायला लागलं होतं. काय म्हणावं सुचंना, तर पोटऱ्या म्हणली."

"तू मला हे सांगायला पाहिजे होतंस."

"सांगितलं की. तुमी कागद दावला."

त्यानंतर आम्ही दोघं साडेतीन तास त्या बाकावर होतो. ती मध्ये एकदा पाणी पिऊन आली.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. नेहमीप्रमाणे मी पहिल्यांदा आत गेलो आणि नेहमीप्रमाणे बसलो. धाकटा माझ्या शेजारी. बायका मागे उभ्या. काचेवर चित्रांच्या दोन ओळी लावलेल्या होत्या, घोड्याच्या नालेच्या आकाराची लहान लहान चित्रं. डॉक्टर माझ्या डोक्यावरून मागे बघत धाकलीला म्हणाले, "पहले कभी चलते वक्त ऐसा दर्द हुआ था?"

 डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नहीं साहब, पहली टेस्ट में..." इतकं बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. मी उठलो. खुर्ची मागे सरकवली आणि कुणाकडे न बघता बाहेर आलो. दार लोटलं, पण ते पूर्ण लागलं नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली असावी. मग धाकली बोलायला लागली. घोगरा, ठाम आवाज होता, शेतात लांबच्या माणसाला हाक मारणाऱ्या बाईचा. औरंगाबादचे ते चार शब्द सोडले तर बावीस-तेवीस वर्षांत तो मी ऐकला नव्हता. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "पोळेसे हुआ. चढाव पे. फिर औरंगाबादमें मशीनपर चढी ना, दोन मिनटात सुरू हुआ. हितून, ऐसा, जबडेतक."

"तो उनको बोले क्यूं नहीं?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यावर ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काही म्हणाली की नाही, तेही नाही.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले. धाकटा पुढे, त्याच्या हातात मोठं पाकीट. त्याने ते माझ्याकडे दिलं, कारण कागद माझ्याकडे असायचे.

"पुढचा भाग दोन्ही फोटूत काळा हाय म्हणाले. तो गेला. बाजूचा एक तुकडा भरून आलाय, तो वाचवायचा म्हणून गोळ्या जन्मभर. जड उचलायचं न्हाई, रानात जायचं न्हाई."

"गेलेला भाग किती?"

"पाव हिस्सा म्हणाले." त्याने स्वतःच्या शर्टावर तळहात ठेवून दाखवलं. मग थोडं थांबून म्हणाला, "दादा, ती म्हणली औरंगाबादला बी दुखलं होतं. मग त्या टेस्टात कसं आलं न्हाई?"

तो रागावून विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, जसं तो मला सातबाऱ्यातला एखादा शब्द विचारायचा. बायको माझ्याकडे बघत होती. धाकली त्याच्यामागे उभी होती, आणि मला पाहून तिने पदर पुढे ओढला होता.

"तिथलं यंत्र साधं होतं," मी म्हणालो. "त्यात फोटो निघत नव्हते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तेच मी म्हणलं हिला," धाकटा म्हणाला. "दादा संगं असताना चूक कशी व्हईल."

बायकोने पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाली. धाकलीला सगळं माहीत होतं. तिने खालच्या फरशीकडे बघत ऐकून घेतलं. भायाचं बोलणं खोडत नसतात.